आशा तुरीच्या जिनोमचे दोन आकडे, खरा कुठला?

शिवारमास्तर

नमस्कार मंडळी. मी जालना जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. घरची थोडी कोरडवाहू जमीन आहे, त्यात सोयाबीनच्या ओळींआड तूर असतेच.

बारावीला जिनोम, म्हणजे सजीवाच्या डीएनएचा सगळा मजकूर, शिकवायचा म्हटलं की पुस्तकात माणसाचं उदाहरण. यंदा म्हटलं, पोरांच्या ओळखीच्या पिकावरून शिकवू. तुरीचं शोधायला बसलो आणि डोकं गरगरायला लागलं. 'आशा', म्हणजे आयसीपीएल ८७११९, या एकाच वाणाचा जिनोम २०११-१२ च्या सुमाराला दोन गटांनी प्रसिद्ध केलाय. एक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराचा, डॉ. नागेंद्र कुमार सिंग यांचा गट. सगळं काम भारतीय संस्थांनी मिळून केलेलं. दुसरा इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेत तेव्हा असलेल्या डॉ. राजीव वार्ष्णेय यांचा आंतरराष्ट्रीय गट. पहिल्यांच्या हाती लागली डीएनएची (ए, टी, जी, सी) ५१ कोटी अक्षरं आणि ४७,००४ जीन्स. दुसऱ्यांच्या हाती साडेसाठ कोटी अक्षरं आणि ४८,६८० जीन्स. वर दुसऱ्यांच्याच लेखात लिहिलंय की एकूण जिनोम ८३.३ कोटींचा आहे, आम्ही जोडला तो ७२.७ टक्के!

वाण एकच, मग लांबीत साडेनऊ कोटींचा फरक कसा पडतो? सगळं वाचलंच नाही तर एकूण ८३.३ कोटी आहे हे यांना सांगितलं कुणी? आणि जीन्सची संख्या तरी जुळायला नको का?

शेवटचा प्रश्न मास्तरचा नाही, शेतकऱ्याचा. गेल्या हंगामात फुलोऱ्यात आलेली तूर मर रोगाने जागच्या जागी वाळली. खोड उभं चिरलं तर आत काळ्या रेघा. या कोट्यवधी अक्षरांतून त्या रेघांवर काही इलाज निघतो का, की नुसतेच पेपर निघतात?

ठेचाभाकर

सर, सोपं आहे. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत जो आकडा असेल तो खरा.

बार्शीची_ताई

सर, माझी भाकरी याच धंद्यावर आहे (हैदराबादेत, खासगी प्रयोगशाळेत, पिकांच्या डीएनएचे तुकडे संगणकावर जोडत बसते), म्हणून जरा पसरून लिहिते.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते तुरीचे नाहीत. ते त्या त्या गटाच्या जोडणीचे आहेत. गुणसूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाचणारं यंत्र तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. तुरीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ११ जोड्या, एकेक गुणसूत्र सरासरी साडेसात कोटी अक्षरांचं. त्यापुढे यंत्राची ऐपत बघा: सिंग यांच्या गटाने ४५४ नावाचं यंत्र वापरलं, त्याचा एक तुकडा सरासरी साडेपाचशेहून थोडा जास्त अक्षरांचा. इक्रिसॅटच्या गटाने इल्युमिना वापरलं, त्याचे तुकडे त्या काळात शंभर अक्षरांचे किंवा त्याहूनही आखूड. इल्युमिनाचा तुकडा आखूड पण स्वस्त, म्हणून त्यांनी ढिगाने काढले: २३,७२० कोटी अक्षरं. ८३.३ कोटींनी भागा, म्हणजे कच्च्या हिशोबात प्रत्येक जागा सरासरी २८५ वेळा वाचली गेली. ४५४ वाल्यांची दहापटीच्या थोडी वर. फरकाचं पहिलं बी इथेच पडलं.

पोरांना सांगायचं तर सुरुवात पानापासून करा, संगणकापासून नको. कोवळं, नुकतं उलगडलेलं पान लागतं. जून पान घेतलं की त्यातली फिनॉलं आणि चिकट शर्करा डीएनएला धरून बसतात आणि नळीत पांढऱ्या धाग्याऐवजी तपकिरी गाळ येतो. पानावर द्रव नायट्रोजन ओतून खलात त्याची पिठी करायची, सीटॅब नावाच्या रसायनाच्या गरम द्रावणात ती मुरवायची, क्लोरोफॉर्म घालून फिरवायचं म्हणजे प्रथिनं खाली राहतात, वरचं पाणी अलगद दुसऱ्या नळीत घ्यायचं आणि त्यावर गार आयसोप्रोपेनॉल सोडायचं. नळी हळूच उलटीसुलटी केली की मधोमध तंतू दिसायला लागतात. जोरात हलवली तर तंतू तुटतात. आमच्याकडे हे काम दुसऱ्या टेबलावरची मुलगी करते, पण तिचा हात त्या दिवशी कसा होता ते मला माझ्या आलेखात कळतं.

मग तो डीएनए ध्वनिलहरींनी तोडतात, तुकड्यांच्या दोन्ही टोकांना ओळखीचे छोटे जोड लावतात आणि काचेच्या पट्टीवर चिकटवतात. तिथे प्रत्येक तुकड्याच्या जागीच शेकडो प्रती करून घेतात, कारण एकट्या रेणूची चमक कॅमेऱ्याला दिसत नाही. पुढे एका फेरीत एकच अक्षर जोडलं जातं, ए, टी, जी, सी अशा चौघांची चमक वेगळी, आणि फेरीगणिक फोटो. शंभर फेऱ्या म्हणजे शंभर अक्षरं. त्या प्रतींतल्या काही पुढेमागे पडत जातात, म्हणून तुकड्याच्या शेवटाकडे रंग गढूळ होतो. यंत्र प्रत्येक अक्षरापुढे स्वतःच्या खात्रीचा गुण लिहून देतं. ३० गुण म्हणजे हजारात एक चूक अपेक्षित. कमी गुणांची शेपटं आम्ही आधी कापून टाकतो. त्या २३,७२० कोटींतली सगळी अक्षरं जोडणीपर्यंत पोचत नाहीत ती यामुळे.

आता जोडणी. एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळला की ते लागून असावेत, एवढंच तत्त्व. अडचण होते ती पुनरावृत्तीची. तुरीचा जवळजवळ निम्मा जिनोम हा त्याच त्या मजकुराचा आहे, बहुतेक उड्या मारून स्वतःच्या नकला करत गेलेल्या ट्रान्सपोझॉनांचा. आरतीसंग्रहाच्या पंचवीस प्रती फाडून कपटे एकत्र केले, तर कडव्याचा कपटा कुठल्या आरतीचा ते ओळीवरून कळेल. धृपदाचा कपटा मात्र कुठल्याही कडव्यामागे बसतो. अशा जागी आली की संगणकाची आज्ञावली एकतर थांबते, नाहीतर हजार प्रतींची एकच प्रत करून मोकळी होते. जिनोम 'लहान' होतो तो इथे. धृपदापेक्षा लांब कपटा असेल, ज्यात थोडं कडवंही आलंय, तर सुटका. म्हणून तुकड्याच्या लांबीला एवढी किंमत.

इल्युमिनावाल्यांची दुसरी एक युक्ती असते. मोठ्या तुकड्याची फक्त दोन टोकं वाचायची आणि मधलं अंतर साधारण किती ते लक्षात ठेवायचं. दोन टोकं दोन वेगळ्या सलग पट्ट्यांत सापडली तर त्या पट्ट्या एकमेकींपासून एवढ्या अंतरावर आहेत हे कळतं. मधली जागा वाचलेली नसते, तिथे 'एन' हे अक्षर भरून ठेवतात. या जोडमाळेला स्कॅफोल्ड म्हणतात आणि तिची लांबी सांगताना ते एन धरले जातात. कुणाच्या लांबीत किती एन आहेत हे पाहिल्याशिवाय दोन जिनोमची लांबी तोलू नये असं माझं मत. बातम्यांत ते कधीच नसतं.

सिंग यांच्या गटाच्या अशा माळा होत्या ५९,६८१. कुठली माळ कुठल्या गुणसूत्रावर, हे त्यांनी संकरातून आधीच बनवलेल्या नकाशावरच्या ३४७ खुणांवरून ठरवलं. ३४७ खुणांनी ५९,६८१ माळा सगळ्या जागेवर बसणार नाहीत हे उघड आहे. म्हणून त्याला 'ड्राफ्ट' म्हणतात, आणि शीर्षकात तसं लिहिलेलंही आहे.

८३.३ कोटींचं म्हणाल, तर जोडल्याशिवाय एकूण मोजायची रीत फार सुंदर आहे. सगळ्या वाचलेल्या तुकड्यांतून १७ अक्षरांची खिडकी एकेक अक्षर सरकवत न्यायची आणि प्रत्येक १७ अक्षरी शब्द किती वेळा आला ते मोजायचं. जिनोममध्ये एकदाच असलेला शब्द, प्रत्येक जागा समजा ६० वेळा वाचली गेली असेल, तर साधारण ६० वेळा सापडतो. आलेख काढला की ६० पाशी टेकडी दिसते. डावीकडे, एकदा-दोनदाच आलेल्या शब्दांचा उंच सुळका असतो, त्या यंत्राच्या चुका. उजवीकडे १२०, १८० अशी लांब शेपटी, ती पुनरावृत्ती. एकूण शब्दांची बेरीज टेकडीच्या आकड्याने भागली की जिनोमचा आकार. एकही तुकडा न जोडता! मी नवीन पिकाचा डेटा आला की सगळ्यात आधी हा आलेख काढते. टेकडी एक असेल तर दिवस बरा जातो. दोन असतील तर झाड संकरित आहे, आई-बापाकडून आलेल्या प्रतींत फरक आहे, आणि पुढचे महिने कटकटीचे जाणार.

म्हणून धड्यात लिहा: आकार साधारण ८३ कोटींचा अंदाज, २०१२ पर्यंत त्यातला पाऊण भाग जोडला गेला होता. पुढे हाय-सी नावाच्या तंत्राने, म्हणजे पेशीत कुठला डीएनए कुठल्या डीएनएच्या शेजारी घडी होऊन बसतो ते पाहून, आशाची जोडणी गुणसूत्राच्या लांबीपर्यंत नेली गेली. जीन्सचं उद्या लिहिते, इथे वीज जाणार आहे.

शिवारमास्तर

ताई, आरतीसंग्रहाचं उदाहरण उद्याच वर्गात वापरणार. १७ अक्षरांचं दोनदा वाचलं तेव्हा कळलं, पण कळलं. एक शंका. १७ च का? आणि जीन्सची वाट बघतोय. हरभऱ्याच्या जिनोममध्ये २८,२६९ जीन्स असं वाचलं, सोयाबीनमध्ये ४६,४३०. तुरीत सोयाबीनपेक्षा जास्त? तूर काय एवढी भारी?

बार्शीची_ताई

१७ लाच काही पावित्र्य नाही. चार अक्षरांचे १७ लांबीचे शब्द चारचा सतरावा घात, म्हणजे सतराशे कोटींच्या वर होतात. ८३ कोटींच्या जिनोममध्ये एखादा शब्द योगायोगाने दोनदा यायची शक्यता त्यामुळे कमी. फार लांब शब्द घेतला तर प्रत्येकात चूक सापडायला लागते. आज २१ किंवा ३१ ही घेतात.

तुमची हरभऱ्याची शंका अगदी जिथे दुखतं तिथे बोट ठेवणारी आहे.

जीन्स मोजत नाहीत, भाकीत करतात. अक्षरांच्या रांगेत 'इथे जीन सुरू' अशी पाटी नसते. एटीजीने सुरुवात, ठराविक तीन अक्षरांनी शेवट, आणि मध्ये कापून टाकायचे भाग, एवढ्या खुणांवरून आज्ञावली अंदाज बांधते. त्याला दोन साक्षीदार घेतात. एक, मूळ, पान, कळी, शेंग यांतून काढलेला आरएनए (पेशीने जीनची काढलेली कामापुरती नक्कल): जो भाग आरएनएत सापडला तो झाड खरोखर वापरतंय. दुसरा, आधी माहीत असलेली प्रथिनं: सोयाबीनच्या प्रथिनाशी जुळतंय तर जीन असावा. साक्षीदार किती आणि त्यांच्यावर भरवसा किती, हे गट ठरवतो.

संख्या फुगायची ठरलेली कारणं आहेत. एकच जीन दोन माळांत तुटून पडला तर दोनदा मोजला जातो. ट्रान्सपोझॉनांना स्वतःचे जीन्स असतात, ते धरायचे की नाही? सिंग यांच्या गटाने ४७,००४ च्या बाहेर असे १२,५११ वेगळे दाखवले, ते मला आवडलं, निदान वाचणाऱ्याला हिशोब दिसतो. दोन गटांची चाळणी सारखी नाही, म्हणून ४७ आणि ४८ हजारांतल्या फरकावर मी एक मिनिटही घालवणार नाही.

सोयाबीनशी तुलना मात्र गंभीर आहे. सोयाबीनच्या पूर्वजात सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी सगळा जिनोम दुप्पट झाला. त्याआधीची, सुमारे ५ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची दुप्पट दोघांनाही वारशाने मिळाली. ही नंतरची तुरीत नाही, इक्रिसॅटच्या लेखात ते स्पष्ट आहे. कसं कळतं? सोयाबीनमध्ये जीन्सची एक रांग घ्यायची, समजा पन्नास जीन्स ओळीने. तशीच रांग सोयाबीनच्याच दुसऱ्या गुणसूत्रावर सापडते, जवळजवळ त्याच क्रमाने. तुरीत अशी नव्या दुपटीची जोडरांग मिळत नाही. सोयाबीनची २० गुणसूत्रं आणि तुरीची ११ यात तुमच्या पोरांना आयती खूण आहे, पण ती पुरावा नाही, पुरावा रांगांचा. मग ज्याच्या घरात एक दुप्पट कमी झाली त्याच्याकडे जीन्स जास्त कसे? माझ्या मते तुरीचे ४८ हजार फुगलेले आहेत, आणि हरभऱ्याच्या जवळची संख्या पटण्यासारखी. हे मत माझं, वर्गात मत म्हणूनच सांगा.

संख्येपेक्षा कुठल्या कामाचे जीन्स किती, हे बघणं मजेचं. सिंग यांच्या लेखात आहे की सोयाबीनच्या तुलनेत तुरीत तेल बनवण्याचे जीन्स कमी आणि सेल्युलोज बनवण्याचे जास्त. सोयाबीनचं तेल काढतात आणि तुऱ्हाट्यांनी चूल पेटते, हे तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत आहे. एवढा सरळ संबंध लावणं शास्त्रात चालत नाही, पण पोरं विसरणार नाहीत.

आता तुमच्या काळ्या रेघा. २०१६ मध्ये मर आणि वांझ (यात झाडाला फुलं-शेंगाच धरत नाहीत), दोन्ही रोगांवर इक्रिसॅटच्या लोकांनी केलेलं एक काम आहे, ते मी नव्या मुलांना नेहमी वाचायला लावते. आयसीपीएल २००९६ हा दोन्ही रोगांना दाद न देणारा वाण, आयसीपीएल ३३२ बळी पडणारा. दोघांचा संकर, मग पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीकरण करून भरपूर ओळी, म्हणजे स्थिर झालेले वेगवेगळे वंश. प्रत्येक ओळीत आई-बापाचे तुकडे वेगळ्या तऱ्हेने मिसळलेले. सगळ्यात तग धरणाऱ्या ओळींचा डीएनए एका नळीत एकत्र, सगळ्यात लवकर मरणाऱ्यांचा दुसऱ्या नळीत. दोन्ही नळ्या यंत्रात.

आता जिनोमच्या प्रत्येक जागी विचारायचं: इथे तगड्या वाणाचं अक्षर किती तुकड्यांत आहे? रोगाशी संबंध नसलेल्या जागी दोन्ही नळ्यांत उत्तर निम्म्याच्या आसपास येतं, कारण मिसळ सारखीच. जिथे तगड्या नळीत जवळजवळ सगळं आणि मरतुकड्या नळीत जवळजवळ काहीच नाही, तिथे काहीतरी दडलंय. अशा ७ जागा सापडल्या. दुसऱ्या बाजूने, आणखी चार वाणांचा डीएनए वाचून, प्रथिनात बदल घडवणारे ८,३६२ फरक काढले. त्यातले त्या ७ जागांच्या २० लाख अक्षरांच्या परिसरात होते ६०. वाणावाणांत हे फरक कुणासोबत जातात ते पाहिल्यावर उरले ८, तेही ७ जीन्समध्ये. मग ११ वाणांवर पडताळणी. शेवटी सगळ्यात आशादायक दोन: मरसाठी सी.कजान_०३२०३, वांझसाठी सी.कजान_०१८३९.

८,३६२ वरून दोनवर येताना २०१२ च्या त्या पाऊण जिनोमचा आधार होता. अपुरा जिनोम कामाचा नसतो असं कुणी म्हणालं तर हे दाखवा. पण दडलेला जीन न जोडलेल्या पाव भागात असता तर तो या पद्धतीला सापडलाच नसता, हेही खरं.

कडधान्यवाला_अकोला

ताईनं कॉम्प्युटरची बाजू लय सोपी करून सांगितली. मी वावराची सांगतो. नोकरीची सगळी वर्षं कडधान्य पैदाशीत गेली.

मास्तर, ज्या 'तगड्या' आणि 'मरतुकड्या' ओळी ताई नळीत घालते, त्या तगड्या कोण ठरवते? त्यासाठी मर रोगाचं रान ठेवावं लागते. एकाच तुकड्यात दरसाल तूर, मेलेल्या झाडांचे धांडे बारीक करून त्याच मातीत गाडायचे, बुरशी इतकी माजवायची की बळी पडणारा वाण वाचलाच नाही पाहिजे. दर काही ओळींनंतर आयसीपी २३७६ सारख्या बळी पडणाऱ्या वाणाची ओळ. ती मेली तर चाचणी खरी. ती ओळ हिरवी उभी राहिली तर बाजूचा वाण वाचला याला काही अर्थ नाही, बुरशीच कमी होती. हे मोजमाप ढिलं झालं तर जिनोम कितीही वाच बापा, उत्तर चुकीचंच येणार. यंत्र महाग झालं म्हणून लोकांना रोप मोजायचं काम हलकं वाटते, याचा मला राग आहे.

दुसरी गोष्ट 'एकच वाण' म्हणण्याची. तुरीच्या फुलावर माशा-भुंगे येतात, परपरागीकरण होते. शेजारी दुसरा वाण असला की घरचं बियाणं दोन-तीन हंगामांत भेसळतेच. शेतकऱ्याच्या वावरातली आशा आणि पैदासकाराची आशा एक नसू शकते. म्हणून जिनोमसाठी शुद्ध बियाण्याचं झाड घेतात. मास्तर, तुमच्या वावरात जे वाळलं ते कुठल्या बियाण्याचं होतं? घरचं असेल तर पिशवीवरच्या नावाचा भरवसा धरू नका.

तिसरी, बुरशी. मर आणणाऱ्या बुरशीचे, फ्युजॅरियम उडमचे, प्रकार आहेत. एका भागात तगलेला वाण दुसऱ्या भागात मरतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून फक्त तुरीचा जिनोम वाचून भागत नाही, बुरशीचाही वाचावा लागते, आणि ते काम चालूही आहे.

फायदा कुठे झाला ते पण सांगतो, नाहीतर म्हातारा नुसता कुरकुरतो म्हणाल. तूर म्हणजे पाच-सहा महिने, वर्षाला एक पीक. संकराच्या एकेका रोपात प्रतिकार आला की नाही हे बघायला अख्खा हंगाम जायचा. खूण माहीत असली तर रोप चार पानांवर असताना पान खुडून तपासता येते, नकोती रोपं तिथेच उपटून टाकायची. जागा वाचते, मजूर वाचते. उमेदवार जीन म्हणजे सिद्ध झालेला जीन नव्हे, शेवटी ती रोपं मरच्या रानात उभी करावीच लागतात. पण हजार रोपं उभी करण्याऐवजी शंभर करता.

आणि २०१७ चं २९२ तुरींचं काम वाचा, पैदास वाण, गावरान आणि रानटी सगळे त्यात आहेत. जिनोमच्या काही पट्ट्यांत लागवडीच्या तुरी एकमेकींसारख्या आणि रानटी तुरींत भरपूर विविधता, असं दिसते. म्हणजे त्या पट्ट्यांत काहीतरी होतं जे लोकांनी निवडून निवडून ठेवलं. फुलोऱ्याची वेळ, दाणा, शेंग तडकणं, असल्या गोष्टींशी जुळणारे जीन्स तिथे मिळाले. पण एवढं निवडताना बाकीचं गळून गेलं. रोगाला तोंड देणारं काही गळून गेलं असेल तर ते रानटी किंवा गावरान तुरीतच शोधावं लागेल. इक्रिसॅटच्या पाटणचेरूच्या जनुकपेढीत तुरीचे १३ हजारांवर नमुने ठेवले आहेत ते याच्यासाठी.

तुमच्या वावरासाठी मात्र जिनोमची वाट पाहू नका. बुरशी धसकटांत तीनेक वर्षं टिकते. त्या तुकड्यात तूर थांबवा, ज्वारी घ्या किंवा पुढे तुरीत ज्वारीचं आंतरपीक धरा, मर कमी होते. बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) लावा. आणि बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तुमच्या जवळ आहे, मरला प्रतिकारक वाण तिथेच विचारा, बीडीएन ७११ त्यांचाच.

ठेचाभाकर

काका, म्हणजे एवढं सगळं करून शेवटी ज्वारी पेरायची?

कडधान्यवाला_अकोला

हो. आणि भाकरी तूच खातोस ना?

शिवारमास्तर

काका, बियाणं घरचंच होतं, चौथ्या वर्षाचं. मिळालं उत्तर. केंद्रावर सोमवारी जातो.

ताई, शेवटचं विचारतो. आमच्याकडे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आहेत तेवढेच. पण पोरांकडे मोबाईल आहेत. यातलं काही त्यांना स्वतः करून बघता येईल असं आहे का, फुकट?

बार्शीची_ताई

आहे, आणि एका तासिकेत बसतं. अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेची साइट सगळ्यांना खुली आहे. मोबाईलपेक्षा संगणक बरा, पण मोबाईलवरही चालतं. तिथे 'न्यूक्लिओटाइड' विभागात तुरीचं शास्त्रीय नाव, कजानस कजान, आणि त्यापुढे आरबीसीएल लिहून शोधा. हा हरितलवकातला जीन आहे, प्रत्येक हिरव्या झाडात असतो आणि वनस्पती ओळखायला वापरतात. मिळालेली अक्षरं कॉपी करून त्याच साइटवरच्या 'ब्लास्ट' या सोयीत चिकटवा, न्यूक्लिओटाइडचा पर्याय निवडा आणि एक मिनिट थांबा. जगभरातून जमा झालेल्या माहितीतून सगळ्यात जुळणाऱ्या रांगा वरून खाली येतात. सगळ्यात वर तूर स्वतः आणि तिची रानटी भावंडं. मग पोरांना ब्लास्टच्या 'ऑर्गॅनिझम' रकान्यात सोयाबीन, चवळी, हरभरा यांची शास्त्रीय नावं एकेक करून टाकायला सांगा आणि किती टक्के जुळतं ते वहीत उतरवायला सांगा. दोन रांगा समोरासमोर मांडलेल्या दिसतात, जिथे अक्षर वेगळं तिथे मधली उभी रेघ गायब. ते फरक बोटाने मोजू द्या.

नंतर तुरीचा आरबीसीएल तसाच गहू किंवा ज्वारीशी ताडून बघा, टक्के घसरतील. मग पोरांना विचारा की टक्क्यांवरून झाड काढायचं तर कोण कुणाजवळ बसेल. बहुतेक जण शेंगावाले एका फांदीवर घालतात. एक-दोघं हरभरा आणि तूर अगदी चिकटवतात, त्यांना सांगा की सोयाबीन तुरीला जास्त जवळचं आहे, आकडे पुन्हा बघा.

ई-व्हॅल्यू नावाचा एक रकाना दिसेल, तिथे बहुधा शून्य असेल. पोरं म्हणतील जुळलंच नाही. तो आकडा, एवढं जुळणं निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल त्याचा आहे. शून्य आलं की चांगलं. आणि सकाळच्या तासिकेला करा, आपल्या संध्याकाळी तिकडचे लोक कामाला लागतात आणि रांग वाढते.